पिकअपच्या पोटातला 'ठक्क'

गिऱ्हाईक गाडीचा आवाज तोंडानं काढून दाखवतं, तेव्हा निम्मं निदान तिथंच होतं. 'घुर्रर' म्हणजे बेअरिंग, 'कुईं-कुईं' म्हणजे कोरडं रबर नाहीतर सैल पट्टा, 'खडखड' म्हणजे सायलेन्सरचा पत्रा किंवा शॉकअपचं बूश. 'ठक्क' म्हटलं की मात्र मी लगेच काही बोलत नाही. हा आवाज इंजिनच्या माउंटिंगपासून मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलपर्यंत कुठूनही येऊ शकतो. शिवाय चेसिसचे ते दोन लांब लोखंडी दांडे तो असा वाहून नेतात, की केबिनमध्ये बसलेल्या माणसाला तो बरोबर आपल्या सीटखालीच वाजतोय असं वाटतं. मागं हौद्यात बसलेला हमाल शपथेवर सांगतो की डाव्या चाकात आहे. दोघंही खरं बोलत असतात आणि दोघांचाही उपयोग नसतो.

माझं गॅरेज पुणे-नाशिक रस्त्याला, नारायणगावच्या जवळ. इथं टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर पिकअपशिवाय काही दिसत नाही. वीस किलोचं एक क्रेट, अशी शंभर क्रेट रचली की दोन टन झाले. गाडीची पासिंग सव्वा ते दीड टनाची. हा हिशोब इथं लहान पोराला कळतो आणि तो कुणी मोठ्यानं करत नाही. बाजारात भाव चढा असेल तर आणखी दहा-वीस क्रेट वर चढतात, आणि गाडी आळेफाट्यावरून माळशेज घाटाकडे किंवा खाली वाशीकडे निघते. आमचा धंदा त्याच्यावर चालतो, त्यामुळे मी फार तोंड वर करून बोलावं अशी परिस्थिती नाही.

ओतूरच्या बाजूचे एक आण्णा आहेत. स्वतःची शेती, स्वतःची पिकअप, स्वतःच चालवतात. गाडी बारा-तेरा वर्षांची, तीन लाख किलोमीटरच्या पुढं गेलेली, पण इंजिन अजून सुरेख. भर हंगामात ते गाडी घेऊन आले.

"पहिला टाकून क्लच सोडला की खालून ठक्क. रिव्हर्स टाकला की ठक्क. घाटात पाय उचलला की ठक्क, दाबला की परत ठक्क," आण्णा म्हणाले. "एका मिस्तऱ्यानं सांगितलं, क्राऊन-पिनियन गेलंय, पूर्ण सेट टाकावा लागेल. तुम्ही एकदा बघा, मग मी ठरवतो."

"भरलेली असताना जास्त वाजते का रिकामी असताना?"

"रिकामी असताना. माल भरला की निम्मं कमी होतं."

हे उत्तर ऐकून मी जरा थांबलो. दाते झिजलेलं क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधली मुख्य गिअरजोडी, असं वागत नाही. गाडी भरलेली काय आणि रिकामी काय, दात्यांमधली सूट तेवढीच राहते. उलट भरलेल्या गाडीत ते कण्हायला लागतं, एका ठरावीक वेगाला 'हूं' असा सूर धरतं. आण्णांच्या गाडीत सूर नव्हता. नुसता ठोका होता, आणि तो माल भरल्यावर दबत होता. म्हणजे गाडीची मागची बाजू खाली बसली की काहीतरी जागेवर येत होतं.

इथं थोडं खालचं सांगायला हवं. पुढच्या इंजिनची ताकद मागच्या चाकाला न्यायची तर मधे एक लांब पोकळ नळी फिरत ठेवावी लागते, तिला आम्ही प्रोपेलर शाफ्ट म्हणतो. गिअरबॉक्स चेसिसला बांधलेला, तो हलत नाही. क्राऊन-पिनियन ज्यात असतं ते मागचं हौसिंग कमानपाट्यांवर बसलेलं, ते प्रत्येक खड्ड्यात वरखाली होतं. न हलणाऱ्या आणि सतत हलणाऱ्या दोन टोकांमधे सरळ दांडा टाकला तर पहिल्याच खड्ड्यात तुटेल. म्हणून टोकांना क्रॉस असतात: अधिकच्या चिन्हासारखा एक पोलादी तुकडा, त्याच्या चार टोकांवर चार कप, आणि प्रत्येक कपात बारीक सुयांसारखे रोलर. लांब गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा, मधे सेंटर बेअरिंग रबरात लटकवलेलं, आणि हौसिंग मागंपुढं झालं तर लांबी जुळावी म्हणून स्प्लाइनवर सरकणारा एक जोड. म्हणजे तीन क्रॉस, एक बेअरिंग, एक सरकता जोड. गाडीच्या सगळ्यात घाणेरड्या जागी, चिखल-पाणी-धोंडे खात, ही मंडळी आयुष्य काढतात आणि बोनेट उघडून कौतुक करणाऱ्या माणसाला ती कधी दिसत नाहीत.

आयटीआयला आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी फळ्यावर दोन नावं लिहिली होती. एक जिरोलामो कार्दानो, सोळाव्या शतकातला इटलीचा गणिती आणि वैद्य. त्याच्या नावावरून युरोपात अशा शाफ्टला आजही कार्डन म्हणतात. दुसरा इंग्लंडचा रॉबर्ट हूक, स्प्रिंगच्या नियमाचा हूक तोच. त्यानं सतराव्या शतकात हा जोड वापरला आणि त्याचं वागणं नीट मांडलं. त्या वागण्यातली एक खोड मला तेव्हा पटली नव्हती. जोड वाकलेल्या स्थितीत फिरत असला, तर एका बाजूनं एकसारखा वेग दिला तरी दुसऱ्या बाजूला एकसारखा वेग निघत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढं धावतो आणि दोनदा मागं रेंगाळतो. कोन दहा अंशांचा असेल तर ही घटवाढ दीड टक्क्याच्या आसपास असते. कोन वीस अंशांचा केला की दीडची दुप्पट तीन होत नाही, सहाच्या पुढं जाते. कोन दुप्पट, त्रास चौपट. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस योग्य दिशेनं बसवला तर तो ही चूक उलटी करून मिटवतो, आणि म्हणूनच शाफ्ट उघडताना खुणा करायच्या असतात. हे सगळं मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. अर्थ कळला तो खड्ड्यात उतरून, डोक्यावर ग्रीस गळत असताना.

आण्णांना गाडी चालवायला लावली आणि मी मागं हौद्यात बसलो, तळव्यानं पत्रा धरून. कानापेक्षा हाताला जास्त कळतं. मग गाडी खड्ड्यावर घेतली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, न्यूट्रल केली, हँडब्रेक सोडला. अशा वेळी जॅक लावून चेसिस उचलायचा मोह होतो, कारण मग आरामात काम करता येतं. पण चेसिस उचलला की हौसिंग खाली लोंबतं, शाफ्टचे सगळे कोन बदलतात, आणि झिजलेला क्रॉस त्या वाकड्या कोनात आखडून घट्ट वाटतो. रस्त्यावर वाजणारा दोष गॅरेजमधे सापडत नाही तो असा. चाकं जमिनीवर हवीत, गाडीचं वजन तिच्याच पायांवर हवं.

क्लच प्लेटच्या स्प्रिंगा, गिअरचे दाते, फ्लँज, पहिला क्रॉस, सरकता जोड, मधला क्रॉस, मागचा क्रॉस, पिनियन, क्राऊन, त्याच्या आतले छोटे गिअर, अ‍ॅक्सलच्या टोकाच्या स्प्लाइन. इंजिनपासून चाकापर्यंत एवढ्या ठिकाणी लोखंड लोखंडाला भेटतं आणि बहुतेक ठिकाणी केसभर जागा सोडलेली असते. गाडी पुढं ओढत असते तेव्हा या सगळ्या फटी एका बाजूला मिटलेल्या असतात. पाय उचलला की चाकं इंजिनला ओढायला लागतात आणि सगळ्या फटी एकदम दुसऱ्या बाजूला उघडून आपटतात. पहिल्या गिअरमधे आणि रिव्हर्समधे गिअरबॉक्स इंजिनचा पीळ तीन-चार पटींनी वाढवून शाफ्टला देतो, म्हणून ठोका तिथं सगळ्यात मोठा. तुम्हाला ऐकू येतो तो एक 'ठक्क'. तो आठ-दहा ठिकाणच्या लहान ठक्कांची बेरीज असते. बेरजेतला मोठा आकडा कुणाचा, हे शोधणं म्हणजे आमचं काम. बेरीज शून्य करणं हे कुणाचंच काम नाही, पण ते पुढं येईल.

तपासणीचा नियम सोपा आहे आणि मला वाटतं हा एक नियम पाळला तर निम्मे खर्च वाचतील. क्राऊन-पिनियनच्या दात्यांना थोडी सूट लागते. नवीन गाडीतसुद्धा ती मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर तेलाचा थर मावणार नाही आणि दाते गरम होऊन जातील. क्रॉसला सूट शून्य. एका हातात फ्लँज आणि दुसऱ्या हातात शाफ्ट धरून पीळ द्यायचा, उलटसुलट. दोन्ही हात एकत्र हलले तर क्रॉस ठीक. एक हात हलला आणि दुसरा मागाहून आला, केसभर का होईना, तर क्रॉस गेला. यात 'अजून चालेल' असं काही नसतं.

पुढचा क्रॉस ठीक होता. तो आधीच्या मिस्तऱ्यानं बदललेला दिसत होता. मधला ठीक. सेंटर बेअरिंगचं रबर खालच्या बाजूला फाटलेलं, शाफ्ट हातानं वर उचलला की उचलला जात होता. आणि मागच्या क्रॉसच्या दोन कपांच्या कडेला विटकरीची असावी तशी लाल पूड. ही पूड दिसली की हात लावायचीही गरज राहत नाही. ग्रीस संपलं, पाणी आत गेलं, सुया आणि पोलाद कोरडे घासून गंजाची भुकटी बाहेर पडली. हात लावला तर तिथं सूट होतीच, चांगली डोळ्यांना दिसण्याइतकी.

हाताखालच्या पोऱ्यानं तेवढ्यात नवा क्रॉस आणायला गाडी काढली. त्याला थांबवलं. मागचा क्रॉस गेला होता हे खरं, पण पुढचे दोन त्याच मुक्कामाचे, तेच पाणी खाल्लेले, आणि मागचाच का गेला? आण्णा म्हणाले, हा मागचाही गेल्या हंगामात बदललाय. एका हंगामात क्रॉस जात नाही. वाईट माल असेल तर जातो, तसा बाजारात भरपूर आहे. हातात घेतला की हलका लागतो, सीलची कड कडक प्लास्टिकसारखी, सुया एका उंचीच्या नाहीत. पण काढलेल्या कपावरचं काम पाहिलं तर माल बरा होता.

मग टॉर्च पाट्यांवर मारली आणि उत्तर समोर लटकत होतं. मागच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा.

माल जास्त भरायचा म्हणून कमानपाट्याच्या दुकानात जाऊन एक पाटा वाढवून घेणं ही आमच्याकडे इतकी नेहमीची गोष्ट आहे, की आण्णांनी ती सांगितलीही नव्हती. जादा पाट्यानं गाडी मागून उंच होते. चेसिस वर गेला, हौसिंग जमिनीवरच राहिलं, म्हणजे शाफ्ट जास्त उतरता झाला आणि मागच्या क्रॉसचा कोन वाढला. कंपनीनं कोन काढलेला असतो तो ठरावीक पाट्यांवर, ठरावीक उंचीवर. माल भरला की पाटे दबतात, गाडी खाली येते, कोन पुन्हा जवळपास जागेवर. म्हणून भरलेली गाडी गप्प आणि वाशीहून रिकामी परत येताना बोंबलत. परतीचा सगळा रस्ता मागचा क्रॉस वाढलेल्या कोनात, फेऱ्याला दोनदा झटके खात फिरत होता. शिवाय पाटा वाढवल्यावर यू-बोल्ट काही दिवसांनी परत ताणायचे असतात, कारण पाटे एकमेकांवर बसतात आणि बोल्ट आपोआप सैल पडतात. ते कुणी ताणले नव्हते. पाट्याच्या कडेला घासून चकचकीत झालेली रेघ होती. पहिल्या गिअरला जोर आला की अख्खं हौसिंगच थोडं पिळून वर बघायचं आणि परत खाली यायचं. ठोक्यातला एक हिस्सा तोही होता.

शाफ्ट उतरवायच्या आधी दोन्ही फ्लँजवर, सरकत्या जोडावर आणि सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटवर पंचनं खुणा केल्या. खडूच्या खुणा डिझेलनं धुतल्यावर पुसतात. सरकता जोड एक दाता इकडेतिकडे बसला तर दोन्ही टोकांचे क्रॉस एकमेकांची चूक मिटवायच्याऐवजी वाढवतात, आणि ठोका घालवायला आलेला माणूस थरथर घेऊन जातो. ब्रॅकेटखाली पातळ पट्ट्या असतात, त्याही कोनासाठीच. पोरं त्या झाडून काढतात आणि कचऱ्यात टाकतात. शाफ्टच्या नळीवर वितळवून चिकटवलेले छोटे तुकडे म्हणजे तोल सांभाळणारी वजनं. तिथं हातोडा लागला नाही पाहिजे. नळीला एक पोचा पडला तरी साठच्या वेगाला सगळी गाडी हलते.

जुना क्रॉस निघताना माज करतो. लॉक गंजून खाचेत एकजीव झालेले असतात. आदल्या संध्याकाळी तेल सोडून ठेवलं तर सकाळी शहाण्यासारखे येतात, पण भर हंगामात आदली संध्याकाळ कुणाकडे नसते. व्हाइसमधे योक, म्हणजे क्रॉसचे कप ज्याच्या कानांत बसतात तो तुकडा, धरून एका बाजूनं छोटा सॉकेट, दुसऱ्या बाजूनं कप मावेल एवढा मोठा सॉकेट, आणि हळूहळू आवळत जायचं. एक कप ढकलला की दुसरा बाहेर येतो. हातोड्यानं लवकर होतं हे मान्य. पण योकचे कान वाकले की नवा क्रॉस पहिल्या दिवसापासून आखडतो, आणि मग लोक म्हणतात, माल डुप्लिकेट होता.

क्रॉस बाहेर काढून धुतला आणि पोऱ्याला त्याच्या टोकावरून नख फिरवायला लावलं. बारीक उभ्या खाचा, सुयांनी पाडलेल्या, मोजून घ्याव्यात अशा सारख्या अंतरावर. बॉल बेअरिंग गोल गोल फिरतं. क्रॉसच्या सुया तशा फिरत नाहीत. शाफ्ट हजारो फेरे मारतो पण कपातल्या सुया आपल्या जागी काही अंश पुढं, काही अंश मागं एवढंच डुलतात. ग्रीस असेपर्यंत चालतं. ग्रीस गेलं की तीच सुई त्याच जागी ठोके मारत पोलादात खड्डा पाडते. मजा अशी की शाफ्ट अगदी सरळ, शून्य कोनात ठेवला तरीही हेच होतं, कारण मग सुया अजिबात हलत नाहीत आणि ग्रीस पसरत नाही. म्हणून बनवणारा थोडा कोन मुद्दाम ठेवतो. क्रॉसला थोडं वाकडं चाललेलं मानवतं. फार वाकडं नाही आणि अगदी सरळही नाही.

नवा क्रॉस निप्पलवाला घेतला. बिननिप्पलचे, कायमचे बंद क्रॉसही मिळतात आणि चांगल्या रस्त्यावरच्या गाडीला ते ठीक असतील. कॅनॉलच्या पाण्यातून शेतात जाणाऱ्या गाडीला माझं मत निप्पलचं. बसवताना एकच गोष्ट सांभाळायची: कप दाबताना एखादी सुई आडवी पडून तळाशी जाते, कप पूर्ण आत बसत नाही आणि लॉकला खाच सापडत नाही. नवशिका तिथं हातोडा घेतो. लॉक बसत नसेल तर कप बाहेर काढायचा आणि आत बघायचं. आमच्या पोऱ्यानं न सांगता काढून बघितला. सुई खरंच आडवी होती. त्या दिवशी त्याला चहा माझ्याकडून, एरवी तो माझ्यासाठी आणतो.

सेंटर बेअरिंग रबरासकट नवं. सरकत्या जोडाच्या स्प्लाइन कोरड्या ठाक होत्या, त्या धुऊन ग्रीस भरलं. हा जोड कोरडा असला की गाडी सिग्नलला थांबताना आणि परत निघताना एक वेगळा ठोका देते, आणि त्यापायी मी लोकांना क्लच प्लेट बदलताना पाहिलंय. यू-बोल्ट नवे घेऊन आडवेतिडवे क्रमानं ताणले. राहिला जादा पाटा.

"आण्णा, हा पाटा काढू या."

"काढला तर क्रेट कुठं ठेवू?"

मी कोनाचं सांगितलं, झटक्यांचं सांगितलं. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हिशोब मांडला. क्रॉस काही शेकड्यात येतो. हंगामात प्रत्येक खेपेला जी दहा-पंधरा क्रेट जास्त जातात, त्याचं भाडं क्रॉसच्या किमतीच्या कितीतरी पट होतं. वर्षाला दोन क्रॉस गेले तरी ते फायद्यातच. मला हे खोडता आलं नाही. त्यांचं गणित त्यांच्या वहीत बरोबर होतं.

माझ्या वहीत एक रकाना जास्त होता, तो मी सांगितला. क्रॉस ठक्क करत करत एक दिवस तुटतो. तुटला की चाकाचा इंजिनशी संबंध संपतो. घाट उतरताना तुम्ही गाडी दुसऱ्या गिअरवर सोडलेली असते, इंजिन तिला मागं धरून ठेवतंय; तो आधार एका क्षणात नाहीसा होतो आणि दोन टनांचं ओझं नुसत्या ब्रेकवर येतं, तेही आधीच तापलेल्या. त्यात शाफ्टचं पुढचं टोक सुटून खाली पडलं तर ते डांबरात रुततं. असा रुतलेला शाफ्ट मी पाहिलाय; हौदा मागून उचलला गेलेला होता. माणसं वाचली होती.

आण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हंगाम होऊ द्या. आम्ही मधला मार्ग काढला: सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली मोजून जाड पट्ट्या घालून मधलं टोक थोडं खाली आणलं, त्यामुळे मागच्या क्रॉसचा कोन बराच उतरला. हा उपाय मला मनापासून आवडत नाही. मागचा कोन कमी करताना पुढचा थोडा वाढतो, आणि मूळ कारण पाट्यात असताना औषध ब्रॅकेटला देणं बरं नव्हे. पण पिकअप बाजारात उभी राहून चालणार नव्हती.

गाडी चालवून पाहिली. ठक्क गेला होता. पण रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना, कान लावला तर ऐकू यावा असा एक बोथट 'टुक' राहिला होता. आण्णांच्या कानांनी तो पकडलाच.

"मिस्तरी, अजून वाजतंय की."

हा टुक क्राऊन-पिनियनचा होता. तीन लाख किलोमीटर चाललेल्या दात्यांची सूट. आणि इथंच जुन्या गाडीचं काम अवघड होतं. आधीचं नुसतं कष्टाचं होतं. ती सूट कमी करता येते. पट्ट्या बदलून क्राऊन पिनियनच्या जवळ सरकवायचा. काही जण त्याहून सोपं म्हणून पिनियनचा नटच आणखी आवळतात. गॅरेजमधे हे सर्रास होतं. पण क्राऊन आणि पिनियन जोडीनं बनतात, जोडीनं झिजतात. इतकी वर्षं दात्याचा जो भाग दात्यावर घासून गुळगुळीत झाला, तो सोडून त्यांना नव्या जागी भिडवलं की गाडी महिन्याभरात कण्हायला लागते. पिनियनच्या नटाखाली बऱ्याच हौसिंगमधे दबणारी बाही असते, ती एकदाच आणि मोजून दाबायची असते. जास्त आवळली की बेअरिंगवर ताण येऊन ते जळतं. ज्यानं क्राऊन-पिनियन बदला म्हणून सांगितलं त्याचं अगदीच खोटं नव्हतं, तिथं सूट होती. फक्त ती वयाची सूट होती, आजाराची नव्हती. तेलात लोखंडाचे कण नव्हते, चालताना सूर नव्हता, दाता तुटलेला नव्हता. मी हौसिंगचं जुनं तेल काढून नवं भरलं आणि बाकी काही केलं नाही.

"हा राहू द्यायचा, आण्णा. याला हात लावला तर मोठा होईल."

न केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत, आणि न केलेलं काम पटवून सांगणं हे केलेल्या कामापेक्षा जड जातं. नवीन क्रॉस हातात दाखवता येतो. 'मी हे सोडून दिलं' हे कशात गुंडाळून दाखवणार? बरीच गिऱ्हाइकं अशा वेळी नाराज होऊन जातात आणि पुढच्या गॅरेजमधे क्राऊन-पिनियन बदलून घेतात. जुन्या गाडीवर काम करणाऱ्याची खरी परीक्षा काय बदलायचं यापेक्षा काय राहू द्यायचं याची असते, असं माझं आता ठाम मत आहे. नवीन पोरांना हे पटायला वेळ लागतो, कारण शाळेत सगळे आकडे नवीन गाडीचे शिकवतात.

आण्णा हंगाम संपल्यावर आले आणि पाटा काढून घेतला. ब्रॅकेटखालच्या जादा पट्ट्या मी परत काढल्या. पाटा त्यांनी घरी नेला, पुढच्या हंगामात लागेल म्हणून. टुक अजून आहे, तेवढाच.

पिकअपवाल्यांना सांगणं एवढंच. गाडी वॉशिंगला देता तेव्हा प्रेशरचं पाणी खालून थेट क्रॉसच्या सीलवर मारलं जातं आणि ग्रीस धुऊन जातं. म्हणून धुण्याच्या आधी नव्हे, धुतल्यावर ग्रीस मारून घ्या. मारताना स्वतः खाली वाकून बघा. क्रॉसच्या चारही कपांतून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसायला लागेपर्यंत गन थांबता कामा नये. एखाद्या कपातून काहीच येत नसेल तर तो कप बंद झालाय, तिथं मिस्तऱ्याला थांबवा. सरकत्या जोडाचं निप्पल विसरू देऊ नका, ते सगळेच विसरतात. आणि कुठल्या कपाच्या कडेला लाल पूड दिसली, तर माल भरायच्या आधी क्रॉस बदला.